भांड्याचा हिशेब आणि ताटाचा हिशेब

दर वर्षी सप्टेंबर उजाडला की गोमंतकातील अंगणवाड्यांतून आणि पंचायतींच्या सभागृहांतून कडधान्यांच्या रांगोळ्या घातल्या जातात, पालेभाज्यांची तोरणे बांधली जातात, कोणी मंत्री वा सरपंच दीपप्रज्वलन करतात आणि सकस आहाराचे महत्त्व सांगून पुढच्या समारंभाला निघून जातात. २०१८ पासून देशभर साजरा होणाऱ्या राष्ट्रीय पोषण महिन्याचा हा परिपाठ आता आपल्या अंगवळणी पडला आहे. त्याची थट्टा करण्याचा आमचा यत्किंचितही हेतू नाही. अंगणवाडी सेविका त्यासाठी जे श्रम घेतात ते आम्ही जाणतो. परंतु ह्या सगळ्या सोहळ्यात एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. काल आपल्या घरात कोणी काय खाल्ले, आणि किती?

हा प्रश्न गोमंतकात विचारण्याची गरज काय, असे कोणी म्हणेल. दरडोई उत्पन्नात आपले राज्य देशात अग्रभागी आहे, उपासमारीची बातमी येथून येत नाही, आणि भात-नुस्त्याचे जेवण तर आपल्या अभिमानाचा विषय. मात्र २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने आपल्यासमोर ठेवलेले आकडे हा अभिमान थोडा आवरता घ्यायला लावणारे आहेत. १५ ते ४९ वयाच्या गोमंतकीय स्त्रियांपैकी ३९ टक्के स्त्रियांच्या रक्तात लोह-रंजकाची कमतरता आढळली. २०१५-१६ च्या पाहणीत हे प्रमाण ३१.३ टक्के होते. पाच वर्षांखालील मुलांत वयाच्या मानाने उंची खुंटलेल्यांचे प्रमाण २०.१ वरून २५.८ टक्क्यांवर गेले. सहा महिने ते पाच वर्षे वयाची निम्म्याहून अधिक मुले पंडुरोगी ठरली. देशाची सरासरी ह्याहून वाईट आहे, हे खरे. स्त्रियांच्या बाबतीत ती ५७ टक्के आहे. पण शेजाऱ्याचे घर अधिक गळते म्हणून आपल्या छपराकडे पाहायचेच नाही काय? शिवाय आपले आकडे पुढे जाण्याऐवजी मागे गेले आहेत. बोटातून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर केलेल्या ह्या तपासणीच्या अचूकतेविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत, हेही आम्ही नमूद करतो. तथापि उंची मोजण्याच्या पट्टीविषयी असा मतभेद नाही.

ह्याच चित्राची दुसरी बाजू अशी की, त्याच पाहणीत राज्यातील ३६ टक्के स्त्रिया प्रमाणाबाहेर वजनाच्या निघाल्या, आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासात मधुमेहाचे प्रमाण सर्व राज्यांत गोव्यात सर्वाधिक, म्हणजे २६.४ टक्के दिसले. एकाच गावात, पुष्कळदा एकाच चुलीवर शिजलेले अन्न एकाला जास्त होते आणि दुसऱ्याला पुरत नाही. अशा वेळी 'गोमंतकीयांचा आहार चांगला की वाईट' हा वादच निरर्थक ठरतो. कोणाचा आहार, हे आधी विचारले पाहिजे.

कुटुंबाचा आहार मोजण्याचे शास्त्र आपल्या देशात नवे नाही. कुन्नूर येथे १९१८ साली सर रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनी बेरीबेरी रोगाच्या शोधासाठी एका खोलीत सुरू केलेल्या प्रयोगशाळेतून आजची राष्ट्रीय पोषण संस्था वाढली. १९५८ साली ती हैदराबादला आली. बेरीबेरीचे मूळ गिरणीत घासून पांढऱ्याशुभ्र केलेल्या तांदळात सापडले. भात उकडून मग सडला तर कोंड्याजवळचे जीवनसत्त्व दाण्याच्या आत मुरते आणि टिकते. आपल्या आज्या-पणज्या उकड्या तांदळाची पेज घालत होत्या ती ह्या शास्त्राला ठाऊक असलेलीच गोष्ट होती. आज लग्नकार्यापुरता असणारा सुरय तांदूळ रोजच्या ताटात प्रतिष्ठेने येऊन बसला आहे, ह्याकडे जाता जाता लक्ष वेधतो.

आहार मोजण्याची रीत अशी. पाहणी करणारी व्यक्ती स्वयंपाकाच्या वेळी घरी जाते. निवडून, सोलून, साफ करून झालेला जिन्नस शिजण्यापूर्वी काट्यावर तोलते. तांदूळ, डाळ, मासळी, खोबरे, तेल, साखर, सारे काही. मग कुटुंबातील माणसांचे 'एकक' मांडतात. बैठे काम करणारा प्रौढ पुरुष म्हणजे एक एकक, मध्यम श्रमाचा पुरुष १.२, बैठ्या कामाची स्त्री ०.८, मध्यम श्रमाची ०.९, सात ते नऊ वर्षांचे मूल ०.७, वाढीच्या वयाचा मुलगा वा मुलगी १, अशी कोष्टके ठरलेली आहेत. एकूण अन्नाला एककांच्या बेरजेने भागले की दर एककी उष्मांक, प्रथिने, लोह, चुना निघतात आणि ते शिफारशीशी ताडून पाहता येतात. २०२० च्या शिफारशीप्रमाणे बैठ्या पुरुषाला दिवसाला २११० उष्मांक आणि ५४ ग्रॅम प्रथिने लागतात. मध्यम श्रमाच्या स्त्रीला २१३० उष्मांक, ४६ ग्रॅम प्रथिने आणि २९ मिलिग्रॅम लोह. पुरुषाला लोह १९ मिलिग्रॅम पुरते.

आता एक घर घेऊ. घर कल्पनेतले आहे, पण फोंड्यापासून पेडण्यापर्यंत कोणाही वाचकाला ते अनोळखी वाटू नये. आजोबा, आजी, गॅरेजमध्ये काम करणारा मुलगा, घर आणि कुळागर दोन्ही सांभाळणारी सून, चौदा वर्षांचा नातू, आठ वर्षांची नात. एककांची बेरीज ५.६ होते. दिवसभरात ह्या घरात एक किलो आठशे ग्रॅम तांदूळ शिजला, पोदेराकडचे दहा पाव आले, दोनशे ग्रॅम तूरडाळ, साफ केलेले सहाशे ग्रॅम बांगडे, एक नारळ, शंभर ग्रॅम तेल, दोनशे ग्रॅम साखर, पाऊण लिटर दूध, अर्धा किलो भाजी आणि तांबड्या भाजीची एक जुडी लागली. बेरीज सुमारे ११,६०० उष्मांक भरते. दर एककी २०७० च्या आसपास, म्हणजे गरजेच्या ९८ टक्के. प्रथिने साडेतीनशे ग्रॅमहून अधिक, आणि सहा जणांची गरज मिळून पावणेतीनशेच्या आत. पाहणीच्या कागदावर हे कुटुंब 'पुरेसा आहार' ह्या रकान्यात जाईल आणि अधिकारी पुढच्या घरी जातील.

लोहाचा रकाना तेवढा त्यांना थांबवील, जर तो कोणी भरला तर. ह्या सगळ्या भांड्यांत मिळून लोह पन्नास मिलिग्रॅमही भरत नाही आणि घराची गरज शंभराच्या बरीच वर आहे. भाताने पोट भरते, पण भातात लोह नाममात्र असते. वनस्पतिजन्य अन्नातले लोह शरीरात फार थोडे शोषले जाते, म्हणून तर शिफारशीचा आकडा एवढा मोठा ठेवावा लागला आहे. ही उणीव भांड्याचीच आहे. पण हिशेब येथे संपत नाही, कारण ह्या पद्धतीने एक गोष्ट न तपासता गृहीत धरली आहे. ती अशी की घरातले अन्न प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे वाटले जाते.

तसे ते वाटले जाते काय? सहा बांगड्यांचे बारा तुकडे झाले. श्रमाचे काम करणारा म्हणून मुलाला तीन, वाढीच्या वयाचा म्हणून नातवाला तीन, आजोबांना दोन, नातीला दोन, आजीला एक. सुनेला उरला एक, बहुधा शेपटीकडचा. डाळ तळाची, भाजी कढईला लागलेली, आणि हुमणाचा रस भरपूर. तिच्या ताटाचा हिशेब मांडला तर उष्मांक साडेसोळाशेच्या आसपास येतात; गरज २१३० ची. प्रथिने ४४ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ पुरेशी, कारण भाताचा ढीग तिलाही मिळतो. लोह मात्र सात मिलिग्रॅमच्या आसपास, २९ च्या चौथाई. ज्या घराला आपण ९८ टक्के गुण दिले त्या घरातली ही स्त्री आहे. पुढे ती गरोदर राहिली तर उष्मांक ३५० नी अधिक लागतात, स्तनपानाच्या पहिल्या सहा महिन्यांत ६०० नी. भांड्यात काही वाढले तर ते प्रथम कोणाच्या ताटात जाईल, हे सांगायला आहारतज्ज्ञ नको.

ह्यात कोणा दुष्ट नवऱ्याची वा खाष्ट सासूची कथा आम्ही सांगत नाही. वरील घरातले सर्वजण एकमेकांवर प्रेम करणारे असू शकतात, आणि सुनेने स्वतःच्या हाताने आणि स्वखुशीने ती वाटणी केलेली असते. आमच्या लहानपणी घरात पुरुषांची पंगत आधी, मग मुलांची, आणि आई सर्वांत शेवटी चुलीपाशीच पाटावर बसून जेवायची. तिच्या पानात काय होते हे आम्ही इतक्या वर्षांत एकदाही पाहिले नाही, असे आज आठवते. ती 'मला भूक नाही' म्हणायची आणि आम्ही ते खरे मानत होतो. आज टेबल आले, पंगत गेली, सून नोकरीला जाऊ लागली. तरी वाढणारा हात तोच आहे, आणि तो स्वतःला शेवटी वाढतो.

मराठी वाचकाला ह्या ठिकाणी एका जुन्या वादाची आठवण व्हावी. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली दारिद्र्याची मोजणी करताना दरडोई २२५० उष्मांकांचा दंडक धरला. त्यावर संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत सांख्यिकीचे काम केलेले, सातारा जिल्ह्यातील बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी आक्षेप घेतला. एकाच निरोगी माणसाचे खाणे दिवसागणिक कमीजास्त होते आणि शरीर काही मर्यादेत त्याच्याशी जुळवून घेते, म्हणून सरासरीच्या खाली आला तो कुपोषित असे म्हणता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. अस्वच्छ पाण्याने आतडी बिघडली तर खाल्लेले अन्नही अंगी लागत नाही, हा त्यांचा दुसरा मुद्दा आजही तितकाच महत्त्वाचा आहे. उलट बाजूने डॉ. सी. गोपालन यांच्यासारख्यांनी बजावले की, लहानखुऱ्या देहाला 'जुळवून घेतलेला' देह म्हणणे हे वंचनेला शास्त्राचे नाव देणे होय. आम्हांला त्या वादात दोन्ही पक्षांकडून घेण्यासारखे दिसते. सुखात्म्यांकडून हे घ्यावे की एका दिवसाच्या तोलण्यावर कोणालाही निकाल देऊ नये. निदान सात दिवस मोजावे. आणि गोपालनांकडून हे, की ज्या स्त्रीचे शरीर वर्षानुवर्षे 'जुळवून घेत' आले तिच्या पंडुरोगाला सवय म्हणून सोडून देऊ नये.

सात दिवसांचे महत्त्व आपल्या समाजाला तर विशेष आहे, कारण आपल्या घरात आठवड्याचे सातही दिवस सारखे नसतात. सोमवारी शिवराक, मंगळवारी कोणाचे व्रत, गुरुवारी कोणाचा नेम, एकादशी, संकष्टी. १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते, तिच्या मागे वा मधेच श्रावण येतो. ह्या काळात ताटातून मासळी जाते. तिची जागा अळसांदे, मूग, चवळी, कुळीथ घेत असतील तर चिंतेचे कारण नाही. श्रावणातील मूगागाठी आणि खतखते रचणाऱ्यांना पोषणाचे ज्ञान नव्हते असे कोण म्हणेल? पण मासळी गेली आणि तिच्या जागी बटाट्याची भाजी व दोन पाव अधिक आले, तर तो शिवराक दिवस म्हणजे प्रथिनांचा खाडा. उपवासाचेही तसेच. उपवासाला आमचा विरोध नाही. ती श्रद्धेची बाब आहे. पण साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ आहे आणि उपवास करणाऱ्यांत स्त्रियांचाच भरणा अधिक. ज्यांच्या अंगात रक्त कमी त्यांनीच आठवड्यातून दोन दिवस साबुदाणा आणि चहावर काढावे, हे देवालाही अभिप्रेत नसावे. राजगिरा, शेंगदाणे, दूध, फळे ह्यांनाही उपवासात मज्जाव नाही.

घराबाहेरच्या खाण्याचीही मोजणी हवी. नातू शाळेच्या वाटेवर जे शीतपेय आणि तळलेले खातो, मुलगा संध्याकाळी गाड्यावर जे खातो आणि त्याआधी जे पितो, ते घरच्या भांड्यात येत नाही. मद्यातही उष्मांक असतात, पोषण नसते. आजोबांच्या मधुमेहाचे कारण शोधायचे तर त्यांच्या चहातील साखरेचे चमचे आणि भाताच्या मुदी मोजाव्या लागतील. सुनेचा कमी पडलेला वाटा शोधताना ह्या घरात कोणाचा वाटा जास्त होतो आहे, हे आपोआप दिसते.

लहान मुलांविषयी वेगळे सांगितले पाहिजे, कारण खुंटलेली उंची पुढे भरून निघणे फार कठीण असते. सहा महिन्यांनंतर केवळ आईचे दूध पुरत नाही. त्या वयात आपल्याकडे पेजेची निवळ पाजण्याची प्रथा अजून आहे. निवळीत पाणी पुष्कळ आणि अन्न थोडे. बाळाचे पोट वाटीएवढे. ते पाण्याने भरले की बाळ शांत होते आणि घराला वाटते, पोट भरले. मऊ भात घट्ट कालवून, त्यात डाळ, तुपाचा थेंब, काटा काढलेला माशाचा तुकडा वा अंड्याचा बलक, नाचणीचे सत्त्व, असे दिवसातून तीन-चार वेळा दिले पाहिजे. नाचणीत तांदळाच्या तीस-चाळीसपट चुना असतो. २०२३ ह्या भरडधान्य वर्षात ह्यावर भाषणे खूप झाली. गोमंतकाच्या डोंगरउतारावरची नाचणी मात्र त्या भाषणांनी वाढल्याचे दिसत नाही.

गरिबाच्या घरी हा सारा उपदेश क्रूर ठरेल, हे आम्ही विसरलेलो नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिना पाच किलो धान्य मिळते. रोजचे १६७ ग्रॅम, म्हणजे ५८० उष्मांक. बैठ्या कामाच्या स्त्रीच्या गरजेचा तिसरा हिस्सा. उरलेले दोन हिस्से, आणि लोहाचा जवळजवळ सगळा वाटा, बाजारातून आणायचा आहे. ज्या तारल्या आणि बांगडे एके काळी गरिबाचे प्रथिन म्हणून ओळखले जात त्यांचा भाव आज मासळीबाजारात उभे राहून ऐकावा. रास्त दराच्या दुकानात तांदळाबरोबर कडधान्य नियमित मिळावे ही मागणी म्हणूनच आम्ही करतो. पण ती मान्य झाली तरी ते कडधान्य कोणाच्या वाटीत गेले, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

ताटाची मोजणी अवघड नाही. ठराविक मापाच्या वाट्या आणि पळ्या घेऊन शिजलेल्या पदार्थाचे एकूण माप घ्यावे, मग प्रत्येकाच्या ताटात किती वाढले ते. एकूण दहा वाट्या डाळ झाली आणि सुनेने एक घेतली तर कच्च्या डाळीचा दहावा हिस्सा तिचा. एवढेच गणित आहे. ते आमच्या माध्यमिक शाळेतील मुलीच नव्हे तर मुलगेही करू शकतील, आणि मुलग्यांनी ते अवश्य करावे. स्वतःच्या घरी आईच्या वाटीचे माप घेणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाला तिसऱ्या तुकड्याकडे हात नेण्यापूर्वी थोडे थबकावेसे वाटेल, अशी आमची समजूत आहे.

सरकारकडे आमची मागणी मोजकी आहे. येत्या सप्टेंबरात प्रत्येक तालुक्यातील निवडक अंगणवाड्यांच्या कक्षेत दहा-दहा घरांची सात दिवसांची ताटवार मोजणी करावी. त्या सात दिवसांत एक रविवार आणि एक उपवासाचा वार असावाच. सत्तरी व काणकोणातील डोंगराळ वाड्या, समुद्रकाठचे खारवी, शहरातील भाड्याच्या खोल्यांत राहणारी मजुरांची कुटुंबे ह्यांना वगळू नये. मोजणीचा तक्ता कुटुंबाच्या नावाने एका ओळीत न भरता माणसागणिक भरावा, आणि घरातील ज्या व्यक्तीने स्वयंपाक केला तिची ओळ सर्वांत वर असावी. तिचे जेवण कितव्या क्रमांकाला झाले, जेवणापाठोपाठ तिने चहा घेतला काय (चहाने लोहाचे शोषण घटते), ताटात लिंबाची फोड होती काय (तिने ते वाढते), एवढे तीन प्रश्न त्याच ओळीत मावतील. निष्कर्ष पणजीच्या कचेरीत ठेवून न देता ज्या घरांचे आहेत त्यांना आधी वाचून दाखवावे, सर्वजण एकत्र बसलेले असताना, सुनेसकट.